दोन-चारचं माप

"मरण पहिल्यांदा कुठं दिसलं?" असं विचारून सर खडू टेबलावर तीनदा आपटायचे. जळगावच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली शिकवायचो. एक जुनी विलायती भयकथा अभ्यासक्रमाला होती. ती शिकवावी तर सरांनीच.

"घड्याळ बंद पडतं तिथं, सर," जामनेरची एक मुलगी म्हणाली.

"उशीर झाला!" सर खूश होऊन ओरडले. "पहिलं पान काढा. जेवताना मालकिणीच्या बोटातली अंगठी गळून पडते आणि सगळे हसतात. मरण तिथंच आलंय. लेखक लपवत नाही, बाळांनो. आपण वाचत नाही."

असे सर तुम्हीही पाहिले असतील. त्यांचं हे वाक्य मी दरवर्षी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

सर मेहरूणला राहत. रविवारी मी चहाला जायचो. वहिनींना हिरव्या काचेच्या बांगड्यांची भारी हौस. एकदा कप पुढे करताना त्यांच्या बांगड्या खळकन पंजापर्यंत घसरल्या. त्यांनी त्या लगबगीनं वर सारल्या.

"कासारीण म्हणते, दोन-सहाच्या सोडा, आता दोन-चारच्या भरा."

"ऐकलंत ना भाऊ?" सर म्हणाले. "आमच्या हिला लग्नातलं माप परत आलं! आता मलाच जिम लावावी लागणार."

आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तो किस्सा रंगवून सांगितला.

दिवाळीनंतर माप दोन-दोनवर आलं. सरांची चेष्टा चालूच होती. मला मात्र वहिनींच्या मनगटाकडे बघवेना, आणि बोलायची हिंमतही होईना. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी वहिनींना दुखणं असह्य झालं तेव्हा सर त्यांना धुळ्याला घेऊन गेले. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही?" उपचारांची वेळ निघून गेली होती. होळीच्या आधीच वहिनी गेल्या.

सवाष्ण गेली म्हणून सरांची थोरली बहीण, शिंदखेड्याची अक्का, वहिनींच्या हातात हिरवा चुडा भरायला बसली. एकही बांगडी हातात ठरेना.

"बठ्ठ्या गळी ऱ्हायन्यात रे भाऊ," अक्का सरांकडे बघून रडायला लागली.

सर पुढे झाले आणि खाली बसले. बांगड्या पडू नयेत म्हणून वहिनींचं मनगट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. उचलेपर्यंत सोडलं नाही.

महिन्याभरानं ते वर्गावर आले. तीच कथा, तोच प्रश्न. एक मुलगा उठून म्हणाला, "घड्याळात, सर." उशीर झाला, असं सर म्हणाले नाहीत. पुस्तक मिटून स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "आता तुम्ही शिकवा, भाऊ," म्हणाले. आठवड्यानं ते नोकरी सोडून अक्काकडे राहायला गेले. पुन्हा जळगावला आले नाहीत.

ती कथा आता मी शिकवतो. संध्याकाळी घरी आलो की आधी बायकोचा हात हातात घेतो. तिला वाटतं, या वयात माझं प्रेम उतू चाललंय. मी तिच्या बांगड्या वरखाली सारून बघत असतो.