वस्तादांच्या हातातली मान

आमच्या गावात मान धरली की कुणी डॉक्टरकडे जात नसे. वस्तादांच्या ओट्यावर जायचं. वस्ताद म्हणजे तालमीतले जुने पैलवान. ते तेल चोळायचे, डोकं दोन तळव्यांत धरायचे आणि विचारायचे, "काय रं, बायको आली का म्हायेराहून?" तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं की झटका. कट् असा आवाज यायचा. माणूस मान फिरवत, हसत घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी नारळ आणून द्यायचा. मी स्वतः दोन नारळ दिलेत.

दुष्काळाच्या साली तर त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी रांग असायची. अख्खा पाथर्डी तालुका सरकारच्या दुष्काळी कामावर होता. आमच्या इथं पाझर तलावाचं काम निघालं होतं. दिवसभर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायच्या, मग माना धरणारच.

मीही मॅट्रिक होऊन तिथंच पाट्या वाहत होतो. पण माझी खरी हजेरी जेवणाच्या सुट्टीत. मला आवाज काढायची खोड. हेडमास्तर, एस.टी.चा कंडक्टर, कामावरचा मुकादम, सगळे माझ्या गळ्यात. त्यात नवीन भर पडली डॉक्टरांची. एक गडी खड्ड्यात पडला म्हणून तालुक्याहून डॉक्टर जीपनं आले आणि मातीच्या ढिगावर उभं राहून नाकातनं बोलले. ते मी त्याच दुपारी पाठ म्हणून दाखवलं, चष्मा सरकवण्यासकट:

"लक्षात घ्या. मान लचकलेली माणसं मी रोज बघतो. मान मोडलेला क्वचित येतो. म्हणूनच तो कुणाला ओळखू येत नाही. लक्षात घ्या. उंचावरनं पडला, मान दुखते, हाताला मुंग्या येतात, तर हलवायचं नाही, ओढायचं नाही. फळीवर घ्यायचा, डोक्याला दोन्ही बाजूंनी टेकण द्यायचं आणि माझ्याकडे आणायचा. लक्षात घ्या."

आठवडाभर याच्यावर लोक हसले. बाया पाटी डोक्यावर घेताना एकमेकींना "लक्षात घ्या" म्हणायला लागल्या.

त्या आठवड्यात माझे दाजी आले होते. आक्काचा नवरा. त्यांच्या गावाला पाणी नव्हतं, म्हणून दोघं शेळ्या घेऊन आमच्याकडे राहिली होती. बाजारच्या दिवशी काम बंद असतं. दाजी म्हणाले, "चल, शेळ्यांला पाला काढू." रस्त्याकडेचे कडुलिंब सरकारी. त्यांना हात लावला तर मुकादम ओरडायचा. पण बाजारच्या दिवशी मुकादम कुठला?

दाजी वर चढले. दोन पुरुष उंचीवर, फांदीवर पाय देऊन कोयता चालवत होते. मी खाली शेळ्या धरून. तेवढ्यात माझ्या गळ्याला खाज सुटली. झाडाच्या मागं झालो आणि मुकादमाच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, "कोन हाय रं वर? सरकारी झाड हाय, बापाचं हाय का?"

कोयता आधी पडला. मग दाजी.

ते पाठीवर पडले होते, डोकं जरा वाकडं. डोळे उघडे. म्हणाले, "मान आखडली. बाकी काय न्हाई." मग थोड्या वेळानं, "हाताला मुंग्या आल्यात रं."

बाजाराला निघालेली माणसं जमली. कुणीतरी पळत जाऊन आक्काला आणि वस्तादांना घेऊन आलं. काय झालं म्हणून आक्कानं विचारलं. मी म्हणालो, "फांदी मोडली."

वस्ताद दाजींच्या डोक्याशी मांडी घालून बसले. पटका काढून बाजूला ठेवला. खिशातली बाटली काढली, तळव्यावर तेल घेतलं, चोळून हात गरम केले. "शीर दबलीय. एकदा मोकळी केली की पावनं उठून शेळ्या हाकतील," म्हणाले. लोक निवांत झाले. एकजण तर बाजाराच्या वाटेलाही लागला.

मी मात्र डॉक्टरांची वाक्यं मनात म्हणायला लागलो. मुंग्या. पडला, मान दुखते, मुंग्या येतात. तिन्ही होतं.

वस्तादांचे तळवे दाजींच्या कानांवर बसले. मी म्हणालो, "वस्ताद, हलवायचं नाही. ओढायचं नाही. लक्षात घ्या."

ते शब्द मला पाठ होते, पण डॉक्टरांच्या आवाजात पाठ होते. माझ्या आवाजात ते आलेच नाहीत. नाकातनंच आले. आणि सगळी माणसं हसली. दाजीसुद्धा हसायला गेले आणि कळवळले.

"गप रं माकडा," वस्ताद म्हणाले. "माझ्या हाताखालनं शंभर माना गेल्यात. एक तरी मोडली का?"

"वस्ताद, खरंच सांगतोय."

"तू खरं कवा सांगितलंय?" मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसू.

वस्तादांनी पकड घेतली. अंगठे जबड्यामागं गेले. आता ते विचारणार, बायको म्हायेराहून आली का. मला त्यांचा श्वास दिसत होता. झटक्याआधी ते श्वास भरून घ्यायचे, हे मीच नक्कल करायला टिपून ठेवलेलं.

आक्का माझ्याकडे बघत होती. मग तिनं वर बघितलं. फांदी जागच्या जागी होती. पानंसुद्धा हलत नव्हती.

"फांदी कुठं मोडलीय?" ती म्हणाली.

मी बोललो. माझा आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू येईना. "आक्का, मी मुकादमाचा आवाज काढला. माझ्यामुळं पडले दाजी. डॉक्टरचं मी हसायला म्हणत हुतो, पर ते खरंच तसं बोलले हुते. मान मोडली असंल तर वस्तादांच्या झटक्यानं दाजी मरत्याल."

कुणी हसलं नाही. आक्का पुढं आली आणि तिनं वस्तादांच्या मनगटांवर हात ठेवला. गावात त्या मनगटांना बाईनं हात लावलेला कुणी बघितला नव्हता.

"वस्ताद, ह्यांची मान सोडा. हळू सोडा."

वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक बोट उचलावं तशी पकड सैल केली. आक्कानं मग वळून मला एक मुस्कटात दिली आणि म्हणाली, "आता सांग, फुडं डॉक्टर काय म्हनला हुता?"

शाळेचं दार काढून आणलं. सहाजणांनी दाजींना एकदम उचलून त्याच्यावर घेतलं. डोक्याला दोन्ही बाजूंनी रेशनच्या मिलो ज्वारीच्या पिशव्या लावल्या. बाजारातून बोलावलेल्या मुकादमानंच खडीचा ट्रक दिला. तालुक्याला ते नाकातले डॉक्टर दाजींना त्या दारावरच तपासून म्हणाले, "उतरवू नका, असेच नगरला न्या." मी दाजींच्या डोक्याशी बसलो होतो. खड्डा आला की मी पिशव्या दाबून धरायचो आणि विचारायचो, "बोटं हलत्यात का?" ते हलवून दाखवायचे. एकदा जरा उशिरा हलवली, तर मी ट्रक थांबवायला लावला.

नगरजवळच्या भिंगारच्या अलीकडे दाजी म्हणाले, "मला ठावं हुतं तूच हाईस. बाजारच्या दिवशी मुकादम कुठला? तुला शिवी द्यायला खाली वळलो, अन पाय सुटला."

मी पिशव्या दाबून धरल्या. बोटं हलत्यात का, एवढंच पुन्हा विचारलं.

नगरच्या दवाखान्यात फोटो काढला. मानेचा मणका मोडला होता. थोडा जरी सरकला असता तरी हातपाय गेले असते, नाहीतर श्वास. दाजींच्या डोक्याला चिमटा लावून मागं वजनं टांगली आणि कित्येक आठवडे तसंच निजवून ठेवलं. वस्ताद भेटायला आले, ती वजनं बघून तिथल्या डॉक्टरांना म्हणाले, "तुमीबी ओढताच की."

"ओढतो. पण कुठं मोडलंय ते बघून. आणि इतकं हळू, की पेशंटला झोप लागते."

वस्तादांनी विचारलं, "अशी मोडलेली मान कितीदा येती हो?"

"फार कमी. दुखऱ्या मानांच्या गर्दीत एखादी. आणि काही तर माझ्यापर्यंत पोचतच नाहीत."

बाहेर बाकड्यावर वस्ताद तळवे बघत बसले. मग म्हणाले, "एक जन कडब्याच्या गाडीवरनं पडला हुता. तू जल्मलाबी नव्हतास. मी मान मोकळी केली. तिसऱ्या दिशी गेला. आमी म्हनलो, पडला तवाच गेल्ता." शंभरातली ती एक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजली असावी.

दाजी चालत घरी आले. आजही कुणी हाक मारली तर ते अख्खे वळतात, पण वळतात.

वस्तादांच्या ओट्यावर अजून रांग असते. नगरहून परतल्यावर चारच दिवसांनी त्यांचं मला बोलावणं आलं. पाट टाकून म्हणाले, "बस. ते डॉक्टरचं म्हन. सगळं. हळू म्हन." मी म्हणालो, ते माझ्यामागून म्हणत गेले. परवा एक गवंडी भिंतीवरून पडून मान धरून आला. वस्तादांनी बाटली उघडली नाही. दोन्ही हात मागं बांधले आणि नाकातनं म्हणाले, "लक्षात घ्या."