कोमलच्या पत्रकावरची खाडाखोड

मूल वाचायला शिकले, हे कशावरून ठरवायचे? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही काही जणांनी लातूरला संस्था सुरू केली. उत्तर मला फार लवकर मिळाले. ते मी कोणाला सांगितले नाही — घरी नाही, संस्थेच्या बैठकीत नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवे होते त्यांना तर मुळीच नाही.

आधी आमची पद्धत समजून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावच्या शाळेत सहा आठवड्यांचे वाचन-शिबिर घेतो, आणि जूनपासून तिथेच रोज सकाळी तासभर वर्ग चालवतो. प्रत्येक मुलाचे एक पत्रक. त्यावर चार पायऱ्या — अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल ‘गोष्ट’ या पायरीवर पोहोचले की त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्याची जागा दुसऱ्या मुलाला द्यायची. सरावाची कार्डे वेगळी, तपासणीची वेगळी. तपासणीचे कार्ड मुलाने आधी पाहिलेले नसावे. आणि एकाने भरलेले पत्रक दुसऱ्याने बदलू नये. हे नियम मीच केले. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून स्वयंसेवकांना ते मीच शिकवत असे — खडू हातात घेऊन, फळ्यावर लिहून.

लोह्याजवळच्या एका गावातले शिबिर माझ्याकडे होते. शेवटच्या तपासणीच्या दिवशी मी गठ्ठा सोडला, तर आत सरावाचीच कार्डे. तपासणीची लातूरला कपाटात राहिली होती. दोन दिवस थांबता आले असते का? आले असते. कोणी रागावले असते का? नाही. पण दुसऱ्या दिवशी शिबिराच्या समारोपाला पाहुणे येणार होते — आणि सगळ्यांना नीटनेटकेपणा शिकवणाऱ्या माणसाने ‘मी विसरलो’ असे म्हणायचे? मी म्हणालो, “याच कार्डांवर घेऊ.”

इथवर ती चूक होती. पुढचे चूक नव्हे.

कोमल तेव्हा पाचवीत जाणार होती. चुणचुणीत, खड्या आवाजाची. तिने कासवाची गोष्ट एकदाही न अडखळता म्हटली. तिची तपासणी घेत होत्या शोभाताई — लोह्यात शिवणकाम करणाऱ्या, शिबिरात सगळ्यांत आधी येणाऱ्या. त्यांनी मला बाजूला बोलावले. “सर, बोट तिसऱ्या ओळीवर अन् तोंड पाचव्या! हिला न्हाई येत. पाठ करून म्हणून राहिली ती.”

मी हसून म्हणालो, मूल घाबरले आहे, बोट घसरते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्रकावर ‘शब्द’ अशी नोंद केली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

पाहुण्यांपुढे वाचायला मी कोमलचेच नाव ठरवले होते. शोभाताई पाणी प्यायला गेल्या, तेव्हा मी त्यांची नोंद खोडली आणि तिथे ‘गोष्ट’ लिहिले. माझे अक्षर चांगले आहे. त्या खाडाखोडीतही ते चांगलेच आले.

दुसऱ्या दिवशी कोमलने गोष्ट म्हटली. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत तिची आई उभी होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या थांबल्या नाहीत.

जूनमध्ये सकाळच्या वर्गात कोमलची जागा नव्हती. ती पास झालेली होती ना! मग शाळेत गुरुजींनी तिला इतिहासाचा धडा वाचायला उभे केले. ती नुसतीच उभी राहिली. पोरांना तिच्यासाठी नाव सापडले — “ए टाळ्यावाली, वाच की!” आठ दिवसांत ती शाळेत जाईना.

तिची आई आमच्या वर्गावर आली. “सर, तुमीच टाळ्या वाजवल्या न्हवं? मंग पोरगी काऊन वाचंना?”

शोभाताई माझ्या शेजारीच होत्या. पत्रक माझ्या पिशवीत होते. मी म्हणालो — अगदी शांतपणे म्हणालो — “तिची तपासणी शोभाताईंनी घेतली होती.”

हे वाक्य खरे होते, हे लक्षात घ्या. मी ते तसे निवडले होते. शोभाताई बौद्ध वस्तीत राहत, शिकलेल्या दहावीपर्यंत. मी मुख्याध्यापक, ‘सर’. कोणाचे ऐकले जाईल, हे मला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते, म्हणून तर बोललो.

शोभाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग त्या बाईंना म्हणाल्या, “हाव मावशी, माझीच चुकी. उद्यापासनं पाठवा तिला. मी जवळ बसवून घेते.”

“तुमच्याकडं? न्हाई बाई. एकदा केलं तेवढं बास.”

कळले का तुम्हाला, मी काय केले? त्या पोरीला वाचता येत नाही हे वेळीच ओळखणारे एकच माणूस होते. तिला शिकवायला तेच तयार होते. आणि त्याच माणसावरचा विश्वास मी एका वाक्यात काढून घेतला. कोमल आईबरोबर शेतात खुरपायला जाऊ लागली. शोभाताई पुढच्या आठवड्यापासून आल्या नाहीत. आजही त्यांच्या शिवणाच्या दुकानावरून गेलो की त्या “या सर” म्हणतात. मी घाईत असल्याचे दाखवतो.

मागच्या महिन्यात लोह्याच्या बसस्थानकावर कोमल भेटली. लग्न झालेले, बरोबर जाऊ होती. समोरच्या गाडीवर ठळक अक्षरांत ‘लातूर’ लिहिले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारले, “सर, लातूरची हीच का?” मी हो म्हणालो. ती जावेला म्हणाली, “हे आमचे सर. मला सगळ्यात आधी पास केलं व्हतं ह्यांनी.” त्यात टोमणा नव्हता. ती अभिमानाने सांगत होती. गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. तो मी त्यांना जागा शोधून देण्यात घालवला.

माझ्यासारखी माणसे तुम्हाला सांगतील, की अमुक मुलाला वाचता येऊ लागले. सांगणाऱ्याचे वय आणि हुद्दा पाहून ते मान्य करू नका. त्या मुलाला शेजारी बसवा, आजचे वर्तमानपत्र त्याच्या हाती द्या, आणि तुमचे तुम्ही ऐका.