पुलापलीकडचा परवाना

माझ्या हातून आजवर बरंच काही सांडलं आहे. रंगाचे डबे, खिळ्यांची खोकी, आणि माझ्याच लग्नात सासऱ्यांच्या नव्या कोटावर सरबत. तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेल्या माणसाचं एवढं गाव चालवून घेतं. पण ऑगस्टमध्ये चर्चच्या आवारात तळलेल्या मासळीचं जेवण होतं, तेव्हा मी भरलेली ताटली घेऊन दोन खुर्च्यांच्या मधून आडवा निघालो. माझ्या वयाच्या आणि घेराच्या माणसाने असं निघू नये. माझा धक्का लागून खुर्चीला अडकवलेली नेड्रा टॉलिव्हर यांची पर्स खाली पडली आणि उघडली. आतून एक कंगवा, खोकल्याच्या गोळ्या आणि एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर बाहेर आलं. कंगवा जागीच राहिला. रिव्हॉल्व्हर मात्र गुळगुळीत फरशीवरून घसरत गेलं आणि डेप्युटी ड्वेन ऑसिंगच्या बुटाला जाऊन टेकलं.

ड्वेन आमच्या शेरीफचा माणूस. त्याच्या तोंडात मक्याची भाकरी होती. ती त्याने आधी नीट गिळली.

"हे कुणाचं?"

"माझं," नेड्राबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या पुढ्यातला तो लेमन पायसुद्धा माझाच. तो खाऊन घ्या, मग बोलू."

लोक हसले. आमच्या भागात पिस्तूल बघून कुणी किंचाळत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याच्याकडेच लोक जरा काळजीने बघतात. नेड्राबाईंनी पर्समधून आपला परवाना काढून पुढे केला. ड्वेनने तो पुढून पाहिला, मागून पाहिला.

"बाई, हा केंटकीचा आहे."

"मग? मी केंटकीचीच आहे."

"इकडे राहायला येऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने."

ड्वेनचा चेहरा उतरला.

आमचं गाव इलिनॉयमध्ये, ओहायो नदीच्या अलीकडे. पलीकडे केंटकी. पलीकडे झालेलं लग्न इकडे चालतं. पलीकडचा माणूस मेला तर इकडे पुरलेला चालतो. पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना तेवढा पुलाच्या मध्यावर मरतो. पलीकडून येणारे जाणते लोक पुलाआधीच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर थांबतात, पिस्तूल रिकामं करतात आणि डिकीत कुलूपबंद ठेवतात, चर्चमध्ये शिरताना टोपी काढावी इतक्या सवयीने. पण ते पाहुणे. जो इकडे राहायलाच आला, त्याने आधी राज्याचं बंदुकीचं कार्ड काढायचं. त्याशिवाय घरातसुद्धा बंदूक ठेवायची नाही. मग सोळा तासांचा वर्ग करायचा, आणि मग कुठे परवाना. नेड्राबाईंनी सामान हलवताना गॅस, वीज, टपाल सगळ्यांना नवा पत्ता कळवला होता. परवान्याचं कळवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या गावात ते कुणालाच ठाऊक नसतं.

"खरं तर मी तुम्हाला आत्ता घेऊन जायला हवं," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "पण मी आज मासे खायला आलोय. पलीकडे कुणी आहे तुमचं?"

"भाऊ आहे."

"त्याला बोलवा. हे तो घेऊन जाईल. तुमच्याकडे कार्ड येईपर्यंत मला हे नदीच्या अलीकडे दिसता कामा नये."

एवढं बोलून त्याने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं. मी ताटली धरून तिथेच उभा होतो. ती मात्र, नवल म्हणजे, सांडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. मावशीकडून वारशाने आलेलं रस्त्याकडेचं छोटं घर. टपालपेटीवर पांढऱ्या रंगात टॉलिव्हर हे नाव इतकं ठळक रंगवलेलं होतं की वरून जाणाऱ्या विमानालाही वाचता यावं. नेड्राबाई अडुसष्ट वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेली बाई, त्यामुळे समोरचा माणूस सहावीतला आहे असं धरूनच बोलायच्या. मला त्यांनी उंबऱ्यावरच एकेरीवर आणलं. मी मात्र, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं, अखेरपर्यंत 'मिस नेड्रा, तुम्ही'च म्हणत राहिलो.

"ये लाइल. आत ये, पण कशाला धक्का मारू नकोस."

त्या दाराकडे तोंड करून बसल्या. कॉफी ओतताना त्यांनी डावा हात वापरला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"जावयाने मोडली," त्या म्हणाल्या. पावसाने कुंपण पडलं म्हणावं तशा सुरात.

जावयाचं नाव ट्रॅव्हिस हॉब्ली. मुलगी मार्ला त्याचा मार खाऊन खाऊन शेवटी एक दिवस पळाली. कुठे गेली ते फक्त आईला ठाऊक. तो पत्ता विचारायला तो सासूच्या घरी आला. त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा कागद नेड्राबाईंकडे होता. त्यांनी तो दाराच्या काचेतून त्याला दाखवला. त्याने काच फोडली, कागदासकट. मग एकेक बोट धरून तो पत्ता विचारत गेला. दुसऱ्या बोटानंतर शेजारी धावून आले.

"तिसऱ्याला मी सांगितलं असतं," नेड्राबाई म्हणाल्या. "हे मार्लाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तू माझा कुणी नाहीस."

ट्रॅव्हिसला शिक्षा झाली. ती नोव्हेंबरच्या मध्याला संपत होती. पत्ता अजून एकाच माणसाला ठाऊक होता, आणि त्या माणसाची पर्स मी पाडली होती.

"मिस नेड्रा, मग तुम्ही लांब का गेला नाहीत? नाव एवढं मोठं रंगवून ठेवलंय..."

"मी सापडले पाहिजे ना. मी नाही सापडले तर तो तिला शोधत बसेल." त्यांनी कप खाली ठेवला. "आला तर इथे यावा. फक्त तो येईल तेव्हा मला रिकाम्या हाताने बसायचं नाही."

त्यानंतर मी त्यांचा ड्रायव्हर झालो. वर्गाला जागा मिळत नाही, म्हणून कार्डाची वाट न पाहता आधी वर्ग करा असं सगळ्यांनी सांगितलं. दोन शनिवार, आठ-आठ तास, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये. शिकवणारा रस्टी पेनरॉड. मीही नाव घातलं. एकट्या बाईला तिथे कसं बसवायचं? तसं बघायला गेलं तर एकटा मीच होतो. त्यांना पहिल्या तासाला चार मैत्रिणी मिळाल्या.

रस्टी विनोदी माणूस आहे, किंवा तसं त्याला कुणीतरी सांगितलंय.

"समजा, तुम्ही घरात घुसलेल्यावर गोळी झाडली," तो म्हणाला. "पहिला फोन कुणाला?"

"बायकोला," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि बायकोवरच झाडली असेल तर?"

हॉल हसला. मीही हसलो. हसता हसता शेजारी पाहिलं. नेड्राबाई वहीत डाव्या हाताने लिहीत होत्या. तारीख लिहून झाली होती, तरी त्या तीच गिरवत होत्या. मला माझं हसू कुठे ठेवावं कळेना.

दुसऱ्या शनिवारी नेमबाजी. तीस गोळ्या, त्यातल्या एकवीस आकृतीवर लागल्या पाहिजेत. रस्टीने त्यांना स्वतःचं पिस्तूल दिलं आणि मागे उभा राहिला. बाईंनी डाव्या हाताने धरलं, उजव्याचा नुसता टेकू दिला. सत्तावीस लागल्या. माझ्या बावीस. त्यातली एक, रस्टी म्हणाला, शेजारच्या माणसाची असावी.

"कुठे शिकलात, बाई?"

"भावाच्या मक्यात. कावळ्यांवर."

"कावळे मारायचात?"

"नाही हो. त्यांच्या बाजूला मारायचे. त्यांना कळायचं."

परतताना गाडीत त्या पहिल्यांदा गुणगुणल्या. मला वाटलं, झालं. माझ्या धक्क्याने जे पडलं ते मी उचलून दिलं. माणसाला स्वतःबद्दल बरं वाटायला किती थोडं पुरतं.

कार्डाचा फॉर्म आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर भरायला बसलो. गुन्हा केला आहे का? नाही. नशा करता का? नाही. मी भराभर 'नाही'वर टिचक्या मारत चाललो होतो. पुढचा प्रश्न होता: गेल्या पाच वर्षांत मनाच्या आजारासाठी इस्पितळात दाखल होता का? माझा हात सवयीने 'नाही'कडे निघाला.

"थांब," नेड्राबाई म्हणाल्या.

बोटं मोडली त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं जेवण सुटलं, झोप सुटली. दार वाजलं की त्या कपाटात जाऊन बसायच्या. एके दिवशी त्या कपाटातून स्वतःच बाहेर आल्या, भावाला फोन केला आणि म्हणाल्या, मला कुठेतरी ने. तीन आठवडे त्या पलीकडच्या इस्पितळात होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या. नंतर केंटकीत परवाना काढताना, त्या आपल्या पायांनी गेल्या होत्या म्हणून, याची अडचण आली नाही.

"कधीची गोष्ट?"

"पुढच्या मे महिन्यात पाच वर्षं होतील."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. ते समोरच लटकत होतं, माझ्याच जुन्या दुकानाच्या नावाचं. मे आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये सहा पानं होती.

"मिस नेड्रा, 'नाही' टाकू. कुणाला कळणार आहे? तुमचा परवाना नदी ओलांडून आला नाही, मग इस्पितळाचा कागद कशाला येईल?"

"चांगले कागद ओलांडत नाहीत, लाइल. वाईट येतात. पोहत येतात."

"तुम्ही मदत मागायला गेलात म्हणून तुम्हाला शिक्षा? कपाटातच बसून राहिला असतात तर आज 'नाही' खरं ठरलं असतं."

"ठरलं असतं."

"मग?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तो आला आणि मला गोळी झाडावी लागली, तर त्याचा वकील पहिल्यांदा हाच फॉर्म काढेल. ही बाई इथे खोटं बोलली, मग बाकीचं तरी खरं कशावरून? मग माझ्या बाजूने बोलायला मार्लाला यावं लागेल. कोर्टात. त्याच्यासमोर. एवढ्यासाठी लपवली का तिला?" मग त्या सहावीच्या वर्गाला बजावतात तशा म्हणाल्या, "'होय'वर टाक."

मी टाकलं. त्या टिचकीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

नकाराचं पत्र ऑक्टोबरात आलं. दोनच परिच्छेद, सभ्य भाषेत. अपील करता येईल असंही त्यात होतं. मी ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कर की, पण महिनोन्‌महिने जातात. ड्वेनला विचारलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, रोज त्या रस्त्याने एक फेरी मारतो म्हणाला. ड्वेनकडे अख्ख्या जिल्ह्याची अर्धी बाजू आहे आणि एक गाडी आहे.

शेवटी मी माझी जुनी दुनळी बंदूक ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यांच्या दारात नेली.

"हे काय? बाळ आणलंस?"

"इथे राहू दे. कुणाला सांगायची गरज नाही."

"सापडली तर मी आत आणि तूही आत," त्या म्हणाल्या. "मग चर्चमध्ये ताटल्या घेऊन धडपडणार कोण? जा, घेऊन जा. गाडीत ठेवताना नळी स्वतःकडे करू नकोस."

मी बाळ परत घेऊन आलो.

मग मी दाराला नवी कडी बसवली, खिडक्यांना गज. हे काम मला येतं. रविवारी दुपारी दोनला मात्र मी उठून अंगणात जात असे, कारण तेव्हा मार्लाचा फोन यायचा. नेड्राबाई त्या फोनसाठी केस विंचरून बसायच्या. आतून त्यांचा आवाज ऐकू यायचा, शाळेतला नाही, दुसराच. लेमन पाय कसा जमला, सर्दी गेली का, तिकडे बर्फ पडायला लागलं का. वीस मिनिटं. नंतर त्या मला आत बोलवायच्या आणि उगाचच माझ्या कडीला नावं ठेवायच्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी मागच्या दाराची चौकट ठोकत होतो. दोन वाजले, तसा मी हातोडी ठेवून बाहेर निघालो.

"बस," नेड्राबाई म्हणाल्या. "काम कर तुझं."

त्या टेबलापाशी सफरचंदं सोलत होत्या. केस विंचरलेले नव्हते. सव्वादोन झाले. अडीच झाले. फोन भिंतीवर गप्प होता. सालीची लांब पट्टी न तुटता खाली उतरत होती. डाव्या हाताने हे कसं जमतं मला कळत नाही.

"आज फोन नाही आला?" मी विचारलं.

"नाही येणार. मार्लाने घर बदललं. नंबरही बदलला. महिन्यापूर्वी ते नकाराचं पत्र आलं ना, त्याच दिवशी मी तिला म्हटलं, बदल."

"मग मागचे तीन-चार रविवार?"

"तिचं सामान बांधून होईपर्यंत म्हटलं, बोलून घेऊ."

मी खिळा उचलला, परत ठेवला. तो येणार होता. दहा-बारा दिवसांत, त्या ठळक अक्षरांच्या टपालपेटीसमोर त्याची गाडी थांबणार होती. त्यांच्या न मोडलेल्या आठ बोटांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं, आणि बघितलं.

"मिस नेड्रा," मी म्हणालो, "कुठे गेली ती?"

त्यांनी सुरी पुसली आणि दुसरं सफरचंद उचललं.

"मला सांगू नकोस म्हटलंय तिला."