पाणी सोडणारा माणूस

माझे सासरे पाणी सोडायचे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, हे त्यांचं काम. त्याआधी झाकणावर चावी ठणठण आपटायची, म्हणजे घराघरातून बादल्या नळाखाली जायच्या. "बाबा, तुम्ही जेवायला बसतानाही ताट वाजवाल," असं मी त्यांना चिडवायचे.

मग समुद्राने किनाऱ्यावरची गावंच्या गावं गिळली आणि तिथली माणसं आमच्या नाल्यापलीकडे पत्रे ठोकून राहिली. त्याच साली आमच्या धरणाने तळ गाठला. त्याचं खापर गल्लीने त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर फोडलं. "हे आले आणि पाणी गेलं," माझा नवराही म्हणायला लागला. तो वेल्डर, डोकं कायम तापलेलं. पलीकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, असं गल्लीच्या बैठकीत ठरलं.

बाबांनी मान डोलावली आणि रोज पहाटे गुपचूप तो थोडा वेळ उघडत राहिले. मला ठाऊक होतं. अभिमान वाटायचा आणि भीतीही.

एके दिवशी हातानेच घात केला. सवयीप्रमाणे त्यांनी पलीकडच्या झाकणावरही चावी ठणठण आपटली. अख्खी गल्ली खडबडून जागी झाली.

कोणी हात उचलला नाही. नवऱ्याने बापाच्या हातातून चावी काढून घेतली, एवढंच. संध्याकाळपर्यंत नाल्यावरच्या पुलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभं राहिलं. जोड नवऱ्यानेच दिले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली, कोणाच्या हातात पाइपाचा तुकडा, कोणाच्या हातात सळई.

बाबांनी घरातला भरलेला कॅन उचलला.

"बाबा, आज नको. वातावरण बरं नाही," मी म्हटलं.

"तिकडे एक बाळंतीण आहे सूनबाई. हा गेलो नि हा आलो."

ते सगळ्यांच्या देखत फाटकातून गेले. म्हाताऱ्याला कोण अडवणार? पलीकडच्या गर्दीनेही त्यांना वाट करून दिली.

तेवढ्यात कोणीतरी दगड भिरकावला, आमच्यातल्याने की त्यांच्यातल्याने, देव जाणे. एकच ओरडा झाला, "फाटक लावा!"

मी धावत सुटले. "अरे थांब! बाबा तिकडे आहेत!"

नवऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला नीट ऐकू गेलं होतं. तरी त्याने फाटक ओढून घेतलं आणि कुलूप घातलं.