भारतीच्या सर्व्हरवरचे हंडे

भारती सोनावणेला ऑफिसात सगळे 'सर्व्हरवाली' म्हणत आणि तिला ते आवडायचंही. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये मुकेश शेठचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. वर माडीवर ऑफिस. तिथल्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी बटणांची पोती पडलेली असत, तिथे आता काचेच्या कपाटात भारतीचा सर्व्हर. खरवईच्या घरून आली की खांद्यावरची पर्सही न काढता ती आधी कपाटाला हात लावून बघायची. तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

"थर्मामीटर लाव गं त्याला!" बिलिंगच्या सुषमाताई रोज म्हणायच्या.

"ताई, तुमचीच बिलं पोटात घेऊन बसलाय तो. ताप येणारच."

पूर्वी प्रत्येकाचा कारभार आपापल्या कॉम्प्युटरात असे. सुषमाताईंच्या बिलात शर्ट पांढरे, गोदामातल्या दिनानाथकाकांच्या फाइलीत तेच आकाशी, आणि शाळेत जाऊन पडायचे भलतेच. भारतीने टेबलाटेबलाला केबल नेली आणि सगळ्यांना एका सर्व्हरवर आणलं. एकाने ऑर्डर टाकली की ती सगळ्यांना दिसायची. फक्त एक अट होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी पाचच जण शिरू शकत. ऑफिसात माणसं त्याहून जास्त, पण सगळी एकदम थोडीच बिलं करतात?

जूनपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग शाळा उघडल्या, आईबाप दुकानांवर तुटून पडले, आणि ऑफिसात रोज दुपारी एकच आरोळी: "भारतीऽऽ, जागा नाही म्हणतंय!"

गुरुवारी शेठ केबिनबाहेर आला. "बेटा, शनिवार तक देखता हूँ. नहीं तो सब अपना-अपना, पहले जैसा."

पहिल्यासारखं म्हणजे सर्व्हर नको, आणि सर्व्हर नको म्हणजे सर्व्हरवालीही नको. ती होतीच मुळी तात्पुरती. आईने मात्र नोकरी पक्की झाल्याचे पेढे आधीच आळीत वाटले होते.

भारतीने आत कोण-कोण आहे ते स्क्रीनवर उघडून बघितलं. पाच नावं. शेठचं नाव तर कायमचंच, त्याकडे बघायची पद्धत नव्हती. दिनानाथकाका आत होते, पण खाली गोदामात टेम्पो भरत होते. सुषमाताई आत, आणि समोर डबा खात होत्या. चौथा चंदू सेल्समन, पाचवी ती स्वतः.

"ताई, चंदू आज रजेवर आहे ना?"

"हो, वांगणीला साखरपुडा आहे त्याच्या बहिणीचा."

"मग तो सर्व्हरवर कसा?"

"मी लावला की त्याचा नंबर!" ताईंनी लोणच्याची फोड तोंडात टाकली. "कधी मी त्याचा लावते, कधी तो माझा लावतो."

"अहो, पण तो येणारच नाही आज!"

"उद्या येईल ना? नंतर जागा मिळते का कुठे?"

भारतीने कपाळाला हात लावला. सगळ्यांनी सकाळी येऊन हंडे लावून ठेवले होते! ताईंच्या गल्लीत पाणी यायच्या कितीतरी आधी नळापुढे हंड्यांची रांग लागते, आणि माणसं घरी चहा पीत बसतात. तेच इथे.

तिने लगेच सेटिंग बदललं: जो काही वेळ काम करणार नाही, त्याला सर्व्हर आपोआप बाहेर काढेल. पोटभर हसली आणि चहाला गेली. परत येते तो ऑफिसात शिमगा. सुषमाताई अंबरनाथच्या एका शाळेचं लांबलचक बिल करत होत्या. मध्येच मुख्याध्यापकांचा फोन आला. फोन ठेवून बघतात तर बिल गायब.

"तुझ्या मशीननं माझं बिल खाल्लं! वर ढेकरही दिला नाही!"

"ताई, माझं चुकलं."

"तुझं चुकलं, पण बोटं माझी मोडली त्याचं काय?"

सेटिंग मुकाट्याने पूर्ववत झालं, आणि जागा पुन्हा भरल्या.

संध्याकाळी खरवईच्या सार्वजनिक नळाला पाणी आलं होतं. आई, म्हणजे जिजाबाई, रांगेत होती. तिच्या पुढचा हंडा चांगुणामावशीचा, पण मावशीचा पत्ता नव्हता. आईने तो हंडा नळाखाली धरला, भरला, उचलून कट्ट्यावर ठेवला आणि मग स्वतःचा लावला.

"तू कशाला भरलास?" कळशी घेऊन आलेल्या भारतीने विचारलं.

"मग काय लाथ मारून सारू? तिचं पाणी तिला ठेवायचं, नळ आपण घ्यायचा. नगरसेवकाच्या घरचा हंडा असला तरी हेच!"

भारती तिथेच थबकली. "आई, तू माझ्या ऑफिसात ये कामाला."

"आधी ती कळशी उचल."

शुक्रवारी सकाळी भारतीने सॉफ्टवेअरची पानंच्या पानं चाळली. अर्धवट बिल 'बाजूला ठेवायची' सोय त्यात होती, फक्त तिने ती कधी चालू केली नव्हती. आता सर्व्हर आधी बिल जपून बाजूला ठेवणार आणि मगच माणसाला बाहेर काढणार. हा नियम कुणाकुणाला लावायचा, असं सॉफ्टवेअरने विचारलं. शेठ त्या दिवशी बाहेरगावी होता, तरी त्याच्या नावावर तिचं बोट अडखळलं. मग नगरसेवकाचा हंडा आठवला, आणि तिने 'सर्वांना' दाबलं.

सुषमाताईंना तिने नळाच्याच भाषेत समजावलं. ताईंनी खात्री करायला मुद्दाम अर्धं बिल सोडलं, शेजारी गप्पा मारून आल्या, पुन्हा आत शिरल्या. बिल जसंच्या तसं.

"आहे गं बाई! एक थेंब सांडला नाही!"

शनिवारी तोबा गर्दी. फोन वाजत होते, खाली टेम्पो खोळंबले होते, आणि दुपार झाली तरी "जागा नाही" ही आरोळी काही आली नाही. आला तो शेठ, ताडताड केबिनबाहेर.

"मेरा किसने बंद किया? मैं सुबह से अंदर था!"

शेठ दिवसभर नुसता विक्रीचा आकडा बघत बसायचा, जागा अडवून, हे तोंडावर कसं सांगायचं?

सुषमाताईंनी बिलातून मानही वर केली नाही. "शेठ, तुमचा हंडा भरून बाजूला ठेवलाय. पाणी हवं तर परत रांगेत या."

दिनानाथकाकांनी हातातला चहा हातातच धरला.

"हंडा?" शेठने ताईंकडे पाहिलं, भारतीकडे पाहिलं, मग पाचही चालू स्क्रीनवर नजर फिरवली. लहानपणी कॅम्पच्या नळावर त्यानेही बादल्या लावल्या होत्या. "मतलब इतने दिन नळ मैंने अडवला था?"

"तुम्ही एकट्यानेच नाही, शेठ," भारती हळूच म्हणाली. "आपण सगळ्यांनीच."

शेठ पोट धरून हसला. केबिनकडे वळता वळता म्हणाला, "बेटा, सोमवार से अंबरनाथवाला गोदाम भी इसी में जोड़ो. और वो टेंपररी-वेंपररी का कागज़ ले आना, पक्का करता हूँ."

भारतीने कपाटाच्या काचेला हात लावला. थोडा गरम होता.

"ताप?" ताईंनी विचारलं.

"नाही, ताई. कामाचा घाम."