अंगण उंच झालं तेव्हा

माझा मामा डंपर चालवायचा. नदीपलीकडच्या पाणथळ जमिनीत, जिथे पुराचं पाणी ऐसपैस पसरायचं, तिथे पाडलेल्या घरांचा राडारोडा ओतण्यात त्याची उमर गेली. आता तिथे उंच इमारती आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "वर कोणीही राहू दे, खालची जमीन माझी!" बढाया मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आम्ही हसायचो.

पलीकडची पाणथळ बुजली, तसा पूर आमच्या काठावर चढू लागला. पसरायला जागाच नाही म्हटल्यावर तो तरी जाणार कुठे? पाणी अंगणात शिरायचं, पायऱ्यांपर्यंत यायचं आणि नदी उतरली की निघून जायचं. मामाला आईनेच लहानाचा मोठा केलेला. ती काही बोलायची नाही, आणि तेच त्याला झोंबायचं.

एका उन्हाळ्यात तो भरलेला डंपर घेऊनच दारात आला.

"ताई, तुझं अंगण उंच करून देतो. मग पाण्याची काय बिशाद!"

अडचण कुठलीही असो, मामाचं औषध एकच: भराव. पायऱ्या गाडल्या गेल्या, अंगण उंबऱ्याच्याही वर गेलं. रोलर फिरवून त्याने ते दगडासारखं घट्ट केलं. आई कौतुकाने बघत होती. खोटं कशाला बोलू, मीही बघत होते.

त्या वर्षीचा पूर अंगण ओलांडून थेट घरात आला. नदी उतरली, रस्ता वाळला, पण आमच्या घरात पाणी गुडघाभर तसंच. त्याला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. घराची परात झाली होती. आईचं शिलाई मशीन, गाद्या, बाबांचा एकुलता एक फोटो, सगळं त्यात. मला इतका संताप आला की मामा आला तेव्हा मी त्याला 'ये'सुद्धा म्हटलं नाही.

"चुकलं गं ताई," एवढंच तो म्हणाला आणि पहार घेऊन अंगण फोडू लागला. जन्मभर ओतणारा माणूस पहिल्यांदाच उकरत होता. स्वतःच घट्ट केलेला भराव काही केल्या दाद देईना. तळहात सोलवटले. दुपारी चर रस्त्याला मिळाला आणि घरातलं पाणी वाहून गेलं.

आई दारात उभी राहून पलीकडच्या इमारतींकडे बघत होती.

"हे झालं रे. ते कधी उकरतोस?"

पाणी केव्हाच ओसरलं होतं, तरी मामा चर खोल करत राहिला.