आईच्या डबीतल्या गोळ्या

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी बाबांना घेऊन ठाण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते. इतकी वर्षं आटोक्यात असलेलं त्यांचं कोलेस्टेरॉल अचानक भलतंच वाढलं होतं... आई हार्ट अटॅकनेच गेली, त्यामुळे रिपोर्ट बघून माझं धाबंच दणाणलं.

बाबा टिटवाळ्याला एकटे राहतात, मी कोपरला. दर रविवारी जाऊन मी त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची स्ट्रिप तपासते, अगदी शाळेतल्या बाईंसारखी. एकही दिवस चुकलेला नसायचा.

वर चार महिन्यांपूर्वी मीच त्यांना अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. रक्तवाहिन्या तरुण राहतात, असं ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. डॉक्टरांना विचारलं नाही... व्हिटॅमिनच तर आहे, त्यात काय विचारायचं!

ठाण्याला बाबांच्या हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं घट्ट आवळला, मग सोडला आणि सोनोग्राफीवर बघितलं. दाब सुटला की रक्त जोरात येतं आणि निरोगी रक्तवाहिनी थोडी रुंद होते, असं डॉक्टर समजावत होते. बाबांची जेमतेम रुंदावली.

मग त्यांनी रोजची सगळी औषधं टेबलावर ठेवायला सांगितली. बाबांनी कॅप्सूलची बाटली काढली. जरा थांबले... आणि पिशवीच्या तळातून आईची सुपारीची पितळी डबी काढली. आत कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, काठोकाठ.

रोज एक गोळी स्ट्रिपमधून काढायची आणि डबीत टाकायची. रिकामी स्ट्रिप माझ्यासाठी. औषध केरात टाकायचं नाही असं आई म्हणायची, म्हणून ही डबी.

"दोन्ही एकदम सोसणार नाहीत असं वाटलं गं," बाबा खाली बघत म्हणाले. "मग तू आणलेली चालू ठेवली."

डॉक्टर चिडले नाहीत. कॅप्सूलने कोलेस्टेरॉल उतरत नाही आणि रक्तवाहिन्या सुधारतील याचीही खात्री देता येत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कॅप्सूल बंद, गोळी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू. तीन महिन्यांनी परत तपासणी.

मला मात्र स्वतःचाच राग येत होता. दर रविवारी रिकाम्या स्ट्रिप बघत बसले... आईनंतर त्या घरात एकट्याने दिवस कसा जातो, हे एकदाही विचारलं नाही. आणि हा माणूस माझं मन राखायला आपलं औषध सोडून बसला होता.

आता जेवण झालं की बाबांचा फोन येतो. पाण्याचा घोट ऐकू येतो, मग "घेतली गं"... तेवढ्यावर मी विश्वास ठेवते.

काल रविवार. डबी घासूनपुसून पुन्हा आईच्या फोटोजवळ ठेवलेली दिसली. उघडून बघायला हात गेला होता... मागे घेतला. बाबांच्या शेजारी बसले आणि विचारलं, तुम्ही कसे आहात?